खडकबाईंची खर्चुडी

खडकबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या करंजी घाटात, रस्त्याच्या कडेच्या तापलेल्या कातळावर पालथ्या पडलेल्या होत्या. पाथर्डीहून नगरला येणारी आमची एस.टी. वळणावर आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. भर दुपारी एक बाईमाणूस उन्हात असं पडलेलं बघून गाडीत गलका झाला. कंडक्टर कुणाचा तरी फिरकीचा तांब्या घेऊन धावला, त्याच्यामागे आम्ही चारदोन बायका. कंडक्टर वाकून म्हणाला, "बाई, ओ बाई, पानी घेता का?" बाईंनी मान न उचलता नुसता हात वर केला. "पाणी नको. तेवढी सावली बाजूला घ्या." डोळ्याला भिंग आणि भिंगाखाली कातळाच्या फटीतलं नखाएवढं काहीतरी हिरवं. कंडक्टर परत फिरला, दारात उभा राहून त्याने सगळ्या गाडीला सांगितलं, "जित्ती हाय. गवत बघतीय." आणि घंटी दिली.

त्या नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. पोरांनी त्यांचं नाव खडकबाई ठेवलं होतं, कारण सहलीला नेलं की पोरं धबधब्याकडे पळत आणि या एखाद्या खडकापाशी बसकण मारत. हे नाव त्यांनाही ठाऊक होतं. "खडक म्हणतात, दगड म्हणत नाहीत, यात समाधान आहे," असं त्या म्हणत. अंगाने ठेंगण्या, आडव्या. सुती पातळ वर खोचलेलं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. चाळिशी उलटलेली होती, पण कड्याच्या वाटेवर मी त्यांच्या मागेच पडायची.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. घाटातल्या त्या दुपारनंतर काही महिन्यांनी बाई स्वतःच आमच्या शाळेत आल्या. त्यांना रोपांची चित्रं काढणारं कुणीतरी हवं होतं. येताना घाणेरीची एक फांदी घेऊन आल्या होत्या. "काढा," म्हणाल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या. मी मन लावून काढलं. त्यांनी चित्र हातात घेतलं, फांदी शेजारी धरली आणि विचारलं, "हे पान अळीनं खाल्लंय. तुम्ही ते दुरुस्त का केलंत?"

"छान दिसावं म्हणून."

"कमलताई, छान दिसण्याची जबाबदारी आपल्यावर नाही."

मला राग आला होता. पण मी दुसरं चित्र काढलं, त्यात अळीने खाल्लेली कड होती तशी काढली. त्या दिवसापासून मी त्यांची चित्रकार झाले. पुढे कळलं की त्यांच्या बोलण्यात सगळ्या जगाच्या दोन वाटण्या असत, दिसलेलं आणि वाटलेलं. दिसलेलं ताबडतोब सांगायचं. वाटलेलं चहाच्या वेळेपर्यंत थांबवून ठेवायचं. चहाच्या वेळी मात्र त्या वाटलेल्या गोष्टी मोकळेपणाने बोलत, कधी कधी तासभर.

चहा होई तो त्यांच्या दिल्ली दरवाजाजवळच्या दोन खोल्यांत, आणि करत ते मामंजी. मामंजी म्हणजे बाईंचे सासरे. रेल्वेत गार्ड होते, दौंड-मनमाड लाइनीवर सगळी नोकरी झाली. त्यांचा एकुलता एक मुलगा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी विषमज्वराने गेला. बाई तेव्हा शिकत होत्या. माहेरची माणसं न्यायला आली, तेव्हा मामंजींनी त्यांना विचारलं, "सूनबाई, परीक्षा कधी आहे?" एवढंच. बाई राहिल्या, परीक्षेला बसल्या, नोकरीला लागल्या, आणि सासूबाई गेल्यावर घरात हे दोघंच उरले. सून कॉलेजात जाई आणि सासरे स्वयंपाक करत. गल्लीतल्यांना याची आधी नवलाई वाटली, मग सवय झाली. मामंजींना रोपांची नावं कधी आली नाहीत, पण रोपं सुकवायचे वर्तमानपत्राचे कागद शेगडीवर गरम करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या घरात पोळीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा असा मिळून एक वास असे.

बहात्तरच्या आदल्या वर्षी, श्रावणात, बाई मला बोरखडीला घेऊन गेल्या. नगरच्या पूर्वेला डोंगरांच्या कुशीत बसलेलं हे कोरडवाहू गाव. गावामागे भैरोबाचा कडा. कड्याच्या माथ्यावर भलामोठा उघडा कातळ, त्याला आडव्यातिडव्या भेगा. एका भेगेतून बोटभर उंचीचं एक रोप वर आलं होतं, अरुंद पानांच्या जोड्या आणि एकच फूल. फूल म्हणजे छोटा कंदीलच. खाली फुगीर, मग नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जांभळी टोपी. रुईच्या कुळातल्या या झाडांना आपल्याकडे खर्चुडी म्हणतात. खर्चुड्या बाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. या एका फुलापाशी मात्र त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत.

मी रंग कालवत होते. सुकवलं की फूल तपकिरी पडतं, म्हणून रंग जागेवरच लावावे लागत. बाई भिंगातून बघत मला सांगत होत्या. "नळी तळाशी वाकलीय. कोपरात हात दुमडावा तशी. काढलंत? पाकळ्यांच्या आत केस आहेत, खाली वळलेले. माशी आत जाते, केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. फूल कोमेजलं की केस मऊ पडतात आणि माशी सुटते. अंगावर परागाची पुडी घेऊन." मग पुन्हा भिंग फुलाला लावलं. मी विचारलं, "नवीन आहे का हो बाई?"

"चहा झाला की विचारा."

घरी आल्यावर, मामंजींनी कप पुढे ठेवल्यावर, त्या म्हणाल्या, "वाटतंय खरं." आणि लहान मुलीसारख्या ओशाळल्या.

नवीन वाटणं आणि नवीन असणं यात किती अंतर असतं ते मी पुढची तीन वर्षं पाहिलं. बाईंनी पुण्याला जाऊन तिथल्या संग्रहातल्या सुकवलेल्या खर्चुड्या एकेक करून तपासल्या. मग फुलाची फांदी आणि माझं चित्र एका मोठ्या शहरातल्या नामांकित तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की ही ओळखीचीच खर्चुडी आहे, खडकात माती कमी मिळाल्याने खुरटली आहे, इतकंच. मला फार वाईट वाटलं. बाईंना नाही. त्या म्हणाल्या, "असू शकेल. विचारून बघू."

"कुणाला?"

"तिलाच."

कड्यावर खडकाचा एक तुकडा सुटा झाला होता, त्याच्याखालचा एक कंद बाईंनी आणला होता. तो त्यांनी कुंडीत लावला, काळी माती आणि शेणखत भरपूर घालून. तज्ज्ञांचं खरं असेल तर चांगलं खायलाप्यायला मिळाल्यावर ही ओळखीच्या खर्चुडीसारखी उंच होईल, फुलाची नळी सरळ येईल. नसेल तर नाही. कुंडी मामंजींच्या खिडकीत ठेवली गेली.

आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. तो दुष्काळ पाहिलेल्यांना त्याबद्दल सांगायला नको, आणि न पाहिलेल्यांना सांगून कळणार नाही. शहरात नळ एक दिवसाआड, मग त्याहून उशिरा. मामंजी सकाळी ओल्या पंच्याने अंग पुसून घेत आणि अंघोळीचं म्हणून ठेवलेल्या पाण्यातलं भांडंभर कुंडीला घालत. बाई म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही अंघोळ करा. झाड गेलं तर जाईल." मामंजी म्हणाले, "मी कुठे नवरदेव आहे आता?"

कुंडीतल्या कंदाला कोंब आला. रोप वाढलं, पानं चांगली रुंदावली. पानं रुंदावताना बघून बाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तज्ज्ञांचं म्हणणं खरं होत होतं. मग कळी आली, फूल उमललं आणि बाईंनी भिंग लावलं. नळी तळाशी वाकलेली होती. पाकळ्यांच्या आतले केस तसेच. खाऊनपिऊन पानं बदलली, फूल बदललं नाही. मामंजींनी शिरा केला. बाईंनी मात्र शिरा खाण्याआधी तज्ज्ञांना लिहून कळवलं की पानांच्या रुंदीबद्दल आपलं म्हणणं बरोबर निघालं, ते लक्षण मी वर्णनातून काढून टाकते आहे, फुलाबद्दल मात्र असं असं दिसलं. मी म्हटलं, "त्यांचं बरोबर होतं हे कशाला लिहायचं?" त्या म्हणाल्या, "बरोबर होतं म्हणून."

उरलं होतं फळ. रुईला येतात तशा जोडशेंगा खर्चुडीला येतात. पण खिडकीतल्या कुंडीपर्यंत ती बारीक माशी कुठून येणार? फुलं कोमेजून गळून पडली. कड्यावरची रोपं तर त्या वर्षी जमिनीतून वर आलीच नव्हती. फळाशिवाय वर्णन बाईंना अर्धवट वाटे. त्या म्हणाल्या, कंद जमिनीत जिवंत आहेत, पुढच्या पावसाला बघू.

त्या हिवाळ्यात कळलं की बोरखडीच्या कड्यावर खडी फोडायचं काम निघालं आहे. दुष्काळी कामांत रस्ते चालले होते, त्यांना खडी हवी होती. आम्ही दोघी रविवारच्या पहिल्या गाडीने गेलो. कातळावर शेकडो माणसं. बायका डोक्याला फडकी बांधून ओळीने बसलेल्या, प्रत्येकीपुढे दगडाचा ढीग, हातोड्या सारख्या खालीवर होत होत्या. सुरुंग लावून अर्धा कातळ उचकटलेला. आमची भेग कुठे होती तेही आधी ओळखू येईना.

बाई मुकादमाकडे गेल्या. त्याला म्हणाल्या की या बाजूला एक दुर्मिळ रोप आहे, पलीकडच्या अंगाने काम घेता येईल का. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, हितं मानसं मिलोच्या लाल ज्वारीवर अन् सुकडीवर दिस काढत्यात. पलीकडं गाडी जात न्हाई. मी काम हालवलं तर चार दिस बसून ऱ्हात्याल ही. तुमीच सांगा काय करू."

मला वाटलं बाई वाद घालतील. नंतर त्या कलेक्टर कचेरीत जाऊ म्हणतील असंही वाटलं. बाईंनी त्या ओळीने बसलेल्या बायकांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "चालू द्या."

मग त्या तिथेच एका दगडावर टेकल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. शेजारी खडी फोडणाऱ्या एका बाईने हातोडी थांबवली आणि विचारलं, "काय हुडकता हो बाई?" तिचं नाव सखूबाई. बोरखडीचीच. मी पिशवीतून माझं चित्र काढून तिच्यापुढे धरलं. सखूबाईने बोटाला लागलेली धूळ लुगड्याला पुसली आणि चित्राला न शिवता वाकून पाहिलं.

"ही व्हय," ती म्हणाली. "ही आमी खाल्ली."

मी कागद खाली घेतला. "खाल्ली म्हणजे?"

"कांदा असतो ना खाली तिला. पोरांनी उकरून काढलं. सुरुंगानं मोकळं झालतं समदं, मग सोपं गेलं. भाजून खाल्लं." ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं असावं. "तुमचं हुतं का त्ये? आमाला म्हाईत न्हवतं बाई. पोरं भुकेली हुती."

मी बाईंकडे बघायला धजले नाही. माझ्या मनात आलं, आता काय बोलणार आहेत या. दीड वर्ष या एका रोपाभोवती गेलं होतं. बाई दगडावरून उठून सखूबाईशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, "चव कशी होती?"

"चव?" सखूबाई गोंधळली. "चव अशी काय... जरा कडवट. भाजल्यावं बटाट्यावानी."

"कच्ची खाऊन पाहिली कुणी?"

"माझ्या धाकट्यानं. थुकून टाकली."

"पोट दुखलं कुणाचं?"

"न्हाई. पोट भरलं बगा त्या दिशी." सखूबाई हसली. मग बाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांनी भिंगाचा दोरा वापरला, कारण पदर धुळीने माखला होता.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "बाई, संपलं का हो सगळं?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "माणसांनी खाल्ली. सुरुंगाखाली नुसती चिरडली जाण्यापेक्षा हे बरं झालं." घरी मामंजींनी चहा पुढे ठेवला. तो गार झाला तरी त्यांनी उचलला नाही. चहाच्या वेळी बाई गप्प, असं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या लिहायला बसल्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता. आपल्याला ठाऊक असलेली एकुलती एक खर्चुडी मामंजींच्या खिडकीत होती. बाईंनी कुंडी उपडी करून कंद अलगद बाहेर काढला, मापं घेतली, मी चित्र काढलं, आणि कंद परत मातीत ठेवला. तो सुकवून नमुन्याला जोडला असता तर काम अधिक चोख झालं असतं. बाईंनी एकदा कंदाकडे आणि एकदा मामंजींकडे पाहिलं आणि तो विषय सोडून दिला.

नव्या वनस्पतीचं वर्णन छापायचं तर त्यातला एक भाग लॅटिनमध्ये लागे, तसा नियम होता. नगरमध्ये लॅटिन कुणाला येणार? बाईंनी पुस्तकं समोर ठेवून आपलं लॅटिन जुळवलं आणि ते तपासून घ्यायला आम्ही श्रीरामपूरला गेलो. तिकडे मिशनमध्ये एक म्हातारे फादर होते, परदेशातून तरुणपणी आलेले. गोरापान, दाढीवाला माणूस खुर्चीतून उठून आम्हाला म्हणाला, "या की, बसा. लई उनातनं आला." चाळीस वर्षं इकडच्या खेड्यांतून सायकलवर फिरून ते असंच मराठी बोलायला शिकले होते. नगरी मराठीशिवाय दुसरं मराठी असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

फादरांनी कागद वाचायला घेतला. मधेच थांबून विचारलं, "ह्ये फुलाच्या आतले क्यास... आमच्या प्रार्थनेत ह्यो शब्द कदी लागला न्हाई बाई. पन तुमी लिवलंय त्ये बरोबर हाय." दोन ठिकाणी त्यांनी प्रत्यय दुरुस्त केले. शेवटच्या ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबलं. तिथे बाईंनी लिहिलं होतं, 'फ्रुक्टुस नॉन व्हिसुस'. फळ पाहिलेलं नाही. फादर गालात हसले. "आमच्याकडं न दिसलेल्यावर इश्वास ठेवत्यात. तुमी तर दिसलं न्हाई असं छापूनच टाकता." बाई म्हणाल्या, "फादर, आम्हालाही फळ असेल असं वाटतंच. पण ते चहाच्या वेळी." फादरांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी हाक मारून चहा मागवला.

नावाचा प्रश्न उरला. नव्या रोपाला नाव देण्याचा मान वर्णन लिहिणाऱ्याचा. प्राचार्यांनी सुचवलं की त्या मोठ्या तज्ज्ञांचं नाव द्या, म्हणजे लेख पटकन मार्गी लागेल. बाई म्हणाल्या, "त्यांना ती दिसली नाही." मी म्हटलं, मामंजींचं द्या. मामंजींनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "मला नको. लोक म्हणतील गार्डाचं झाड." शेवटी बाईंनी तिला बोरखडी गावाचं नाव दिलं. आणि वर्णनाच्या खाली, जिथे उपयोग लिहितात तिथे लिहिलं: टंचाईच्या वर्षी स्थानिक लोक कंद भाजून खातात; चव किंचित कडवट; खाणाऱ्यांना त्रास झाल्याचं आढळलं नाही.

त्र्याहत्तरच्या पावसाने मात्र सगळं भरून काढलं. खडीचं काम पुढे सरकलं होतं. श्रावणात आम्ही पुन्हा बोरखडीला गेलो, कुंडीतला कंद कड्याच्या पलीकडच्या बाजूला लावावा म्हणून. वाटेत सखूबाईचं घर लागलं, तीही बरोबर निघाली. वर गेलो. उचकटलेल्या कातळाच्या कडेला एक उभी भिंत राहिली होती, सुरुंगाने न हललेली. तिच्यात हाताची बोटंही जाणार नाहीत अशा अरुंद चिरा. सखूबाई पुढे होती. ती थांबली आणि म्हणाली, "ह्या बगा तुमच्या."

चिरांतून कोंब आले होते. इथे एक, तिथे दोन, वर हात पोचणार नाही तिथे आणखी. जिथे ना पोरांचं खुरपं पोचलं ना पहार, तिथले कंद राहिले होते. बाईंनी भिंतीला तळवा टेकला आणि तशाच उभ्या राहिल्या. सखूबाईला ती शांतता जड झाली असावी. ती घाईने म्हणाली, "औंदा न्हाई खानार बाई आमी. ज्वारी आलीय. आता कोन ह्यो कडू कांदा खातंय?"

तेव्हा बाई खदखदून हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सखूबाई आधी बावरली, मग तीही हसायला लागली, आणि त्या दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून त्या फुटक्या कड्यावर हसत राहिल्या.

दिवाळीच्या सुमारास त्या भिंतीवरच्या रोपांना जोडशेंगा धरल्या. बारीक, शिंगांसारख्या वर उठलेल्या. लेख छापायला गेला होता, पण अजून छापून व्हायचा होता. बाईंनी तातडीने चार ओळी पाठवल्या आणि त्या शेवटी जोडल्या गेल्या.

अंक आला तेव्हा मामंजी अंथरुणावर होते. छातीचा त्रास वाढला होता. बाईंनी पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि दाखवलं, रोपाचं नाव आणि त्याच्या लगेच पुढे छापलेलं एक आडनाव. रोपाच्या नावापुढे ते प्रथम लिहिणाऱ्याचं आडनाव कायम लागतं, अशी त्या शास्त्राची रीत. मामंजींनी इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे आपलं का तुझ्या माहेरचं?"

"आपलं, मामंजी."

"कुणीही हे झाड लिहिलं की हे लिहावंच लागतं?"

"लागतं."

मामंजींनी त्या आडनावावर पुन्हा बोट ठेवलं. त्यांच्या घराण्यात मागे कुणी राहिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि बाईंना तर होतंच. ते म्हणाले, "बरं झालं." आणि तोंड भिंतीकडे करून झोपल्यासारखं केलं. मी चहा करायला आत गेले, कारण त्या दिवशी तो करायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मामंजी गेले. बाईंचं त्या घरात मन लागेना. वर्षभराने त्यांनी कोकणातल्या एका कॉलेजात नोकरी धरली. एस.टी. स्टँडवर मी पोचवायला गेले होते. त्या म्हणाल्या, "तिकडे खडकावर काय काय असेल हो!" आणि गाडी सुटताना, "वर्षातून एकदा वर जाऊन या. जमलं तर."

मी जाते. पावसाळा संपता संपता एकदा बोरखडीला जायचं, कडा चढायचा, बघायचं आणि बाईंना कार्ड टाकायचं: आहे, किंवा आहे आणि फळ आहे. त्यांचं उत्तर येई, त्यात कोकणातल्या खडकांवरची नावं असत आणि शेवटी सखूबाईची चौकशी. सखूबाई गेली तेव्हा तेही मी कळवलं. बाई निवृत्त झाल्या, तिकडेच राहिल्या. मग एका वर्षी श्रावणात त्यांच्या कॉलेजातल्या कुणीतरी मला कळवलं की बाई गेल्या, झोपेतच गेल्या.

त्या वर्षीही मी गेले. गुडघे कुरकुर करत होते, मध्ये दोनदा बसले. भिंतीच्या चिरांतून रोपं डोकावत होती आणि शेंगा इतक्या धरल्या होत्या की मी कधी पाहिल्या नव्हत्या. बॅगेत कार्ड होतं, सवयीने आणलेलं. ते तसंच राहिलं. खाली उतरले तर सखूबाईच्या सुनेने चहा ठेवला होता. म्हणाली, "यंदा लई येळ लागला वर." मी तिला सांगितलं, यंदा शेंगा पुष्कळ आहेत, एका चिरेत तर मावत नाहीत इतक्या. ती चुलीत लाकडं सारायची थांबली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बेस झालं." मग तिने माझ्या कपात आणखी थोडी साखर घातली.